बालेवाडीतला मातीचा ट्रॅक
सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममध्ये माती ओतून बांधलेल्या तात्पुरत्या ट्रॅकवरची मोटारसायकल शर्यत. ८ जुलै १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये झालेल्या शर्यतीने तिला जगभर ओळख दिली. ती जिंकली सोळा वर्षांच्या मार्टी ट्राइप्सने. त्याच वर्षी इकडे भारतात फिरोदियांची लुना ही मोपेड आली. आकुर्डीच्या बजाज स्कूटरने आणि लुनाने सायकलींच्या पुण्याला दुचाकींचे शहर केले. अशा शहरात हा खेळ रुजला नसता तरच नवल. ऋग्वेद बारगुजे हे राष्ट्रीय विजेते पुण्याचेच.

या खेळात नुसता वेग पुरत नाही. उंचवट्यावरून उडालेली गाडी हवेतही सावरावी लागते: मागचा ब्रेक दाबला की तिचे नाक झुकते, ॲक्सिलरेटर पिळला की वर उठते. हा अंदाज चुकला तर पुढचे चाक मातीत रुतते आणि स्वार हँडलवरून फेकला जातो.

बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. तिथेच २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. ४५० आणि २५० सीसी गटांत परदेशी स्वार उतरले, भारतीय स्वारही त्यांच्या जोडीने धावले. पुढच्या फेऱ्या अहमदाबाद व बेंगळुरूत झाल्या.