चिडवण्याची चाल जगभर एकच असते का?

इंग्लंड-अमेरिकेत शाळेच्या मैदानावर एक पोर दुसऱ्याला चिडवू लागलं, की शब्द कुठलेही असोत, चाल बहुतेक वेळा ठरलेली असते. आपल्या सरगममध्ये ती साधारण अशी : प-ग-ध-प-ग. पेटीवर वाजवून बघा, सिनेमांत ऐकलेलं ते ‘न्या-न्या’ लगेच ओळखू येईल.

या चालीचा कणा म्हणजे ‘प’वरून ‘ग’वर उतरणं. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर ‘ग’ तिसऱ्या पट्टीवर येतो. पाश्चात्त्य संगीतात या अंतराला मायनर थर्ड म्हणतात. तिकडे लांबच्या मित्राला नावाने हाक मारतानाही आवाज बरेचदा असाच उतरतो.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी ही गोष्ट फार गांभीर्याने घेतली. त्यांनी आणि बेला बार्टोक यांनी सुरू केलेल्या हंगेरियन लोकसंगीताच्या ग्रंथमालेचा 1951 मधला पहिला खंड मुलांच्या खेळगाण्यांचाच आहे. कोदाय पद्धतीत मुलं आधी प-ग शिकतात, मग ध. ‘सा’ त्यानंतर येतो! ‘सा’पासून सुरुवात करणाऱ्या आपल्या कानांना हे उलटंच वाटेल.

पुढे 1973 मध्ये हार्वर्डमधल्या व्याख्यानांत लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी मोठा दावा केला : ही चाल जगभरच्या मुलांत सापडते, कारण तिचे सूर निसर्गातूनच, म्हणजे प्रत्येक नादात दडलेल्या उपस्वरांतून येतात. तंबोरा छेडल्यावर न लावलेला गंधार ऐकू येतो, तोही असाच एक उपस्वर.

कल्पना सुंदर आहे, पण पटत नाही. उपस्वरांच्या क्रमात सप्तक आणि ‘सा-प’ ही अंतरं आधी येतात, प-ग नंतर. मग मुलांनी नेमकं हेच का उचललं? शिवाय उपस्वर सगळीकडे सारखेच, गाणी मात्र नाहीत. जपानमधल्या ‘वाराबे-उता’ या पारंपरिक खेळगाण्यांत दोनच सुरांची गाणी आहेत आणि त्या सुरांमधलं अंतर सहसा सा-रे इतकंच असतं. मुलं ही गाणी मैदानावर, वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या मुलांकडून उचलतात. म्हणजे जन्मजात काय आणि ऐकून आलेलं काय, हे वेगळं काढणं अवघडच.

कोदाय यांचा आग्रह खरं तर प-गचा नव्हताच, ‘संगीताच्या मातृभाषे’चा होता. त्यांची पद्धत जपानमध्ये पोचली, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी हंगेरियन गाणी बाजूला ठेवून वाराबे-उताच हाती घेतली.