चिखलाच्या कुळातील गाडी

हिमाच्छादित घाटांतून निर्धास्त चढून जाणारी, चारही चाकांना इंजिनाचे बळ पुरविणारी मोटार ही बर्फाळ मुलखांचीच निपज असावी, असा सर्वसाधारण समज आहे आणि जाहिरातींतील शुभ्र गिरिशिखरे पाहता तो अस्वाभाविकही म्हणता येत नाही. परंतु तिची वंशावळ उलगडू लागले की मूळपुरुषांच्या अंगावर हिमाचा कण क्वचितच सापडतो, चिखल मात्र मुबलक सापडतो. भूम तालुक्यातील ईट या आमच्या बाजारगावी, जेथे बालाघाटाच्या पठारावरील काळी जमीन मृगाच्या दोन सरींनी भिजली की गाडीचे चाक निम्मे गिळते आणि शिवारातला माल पक्क्या सडकेपर्यंत आणताना बैलांच्या तोंडाला फेस येतो, तेथे राहणाऱ्यास हे कूळ ओळखावयास फारसे प्रयास पडू नयेत.

या वंशातील पहिली ठळक नोंद इंग्लंडात सापडते. ब्रामा जोसेफ डिप्लॉक या अभियंत्याने १८९३ साली वाफेवर चालणाऱ्या अवजड ओढयंत्राच्या चारही चाकांना गती देण्याचे पेटंट घेतले. १९०० च्या सुमारास फर्डिनांड पोर्शे याने लोनर कंपनीसाठी चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटारी बसविल्या, आणि १९०३ साली हॉलंडातील स्पायकर बंधूंनी पेट्रोलवर चालणारी सहा नळकांड्यांची चारचाकओढीची शर्यतगाडी सिद्ध केली. परंतु हे सारे हौसेचे किंवा तुरळक प्रयोग होत; वंश खरा वाढीला लागला तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांताच्या क्लिंटनव्हिल नामक लहानशा गावी, ऑटो झाखो आणि विल्यम बेसर्डिख या दोन कारागिरांच्या हातून. झाखोची मोटार चिखलात रुतली असता पुढे जाईना, पण उलट्या गियरात मात्र सुटून आली आणि त्यावरून पुढच्या चाकांनाही ओढ दिली पाहिजे हे त्याच्या ध्यानी आले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, वळणाऱ्या चाकाला बळ पोहोचविणाऱ्या सांध्याचे पेटंट त्याने १९०८ साली घेतले हे मात्र खरे आहे. त्यांच्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलातून तोफा आणि दारूगोळा ओढीत होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागविल्या आणि नमुना सादर करण्यास अवघे ४९ दिवस दिले, तेव्हा पेनसिल्व्हेनियातील बॅंटम या डबघाईला आलेल्या कारखान्याने ती मुदत सप्टेंबर १९४० मध्ये पाळली. तथापि मोठी मागणी पदरी पडली विलीस आणि फोर्ड यांच्या. कल्पना एकाची आणि कंत्राट दुसऱ्याला, हा सरकारी खात्यांचा रिवाज समुद्रापलीकडेही निराळा नाही. युद्ध संपेपर्यंत सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या होत्या.

हीच जीप मराठी मुलखात आली ती मुंबईच्या वाटेने. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेली महिंद्र आणि महंमद ही पेढी फाळणीनंतर, भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाल्यावर, महिंद्र आणि महिंद्र झाली आणि १९४९ मध्ये माझगावच्या कारखान्यात विलीस जीपची जुळणी सुरू झाली. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच निजामाच्या अंमलातून सुटला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहून निघालेली हिंदी फौज नळदुर्गच्या वाटेने जिल्ह्यात शिरली होती. पुढे १९५२ साली समुदाय विकास योजना आली, तेव्हापासून गटविकास अधिकाऱ्याची जीप हेच खेडुतांच्या लेखी सरकारचे दृश्य रूप ठरले. ती धूळ उडवीत आली की तलाठ्यापासून पोलीस पाटलापर्यंत सारे लगबगीने उभे राहत, आणि ओढ्याच्या पात्रात ती अडकली की साहेब खाली उतरत व चालक आतला ठेंगणा दांडा ओढून ‘फोर बाय फोर टाकतो’ असे म्हणे. आमच्या भागातील पिढ्यांना या यंत्राचा परिचय झाला तो असा, हिमाशिवाय.

हिमाचा संबंध आला उत्तरेच्या सरहद्दीमुळे. नळदुर्गच्या मोहिमेला दोन महिनेही लोटले नव्हते तोच, १ नोव्हेंबर १९४८ रोजी, सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या झोजी ला खिंडीतून हिमवृष्टीच्या दिवसांत हिंदी रणगाडे पुढे सरकले. रणगाडे पट्ट्यावर चालतात, सबब ते आपल्या कुळातले नव्हेत. परंतु पर्वतात सैन्य ठेवावयाचे तर बारमाही सडका आणि त्यांवर चालणारी वाहने लागतील, हा धडा पुढच्या काळात पुन्हापुन्हा गिरवावा लागला. १९५९ पासून जबलपूरला जर्मन परवान्याने शक्तिमान ट्रक होऊ लागले, पुढे निस्सानच्या परवान्याने जोंगा आली. १९६० मध्ये सीमा सडक संघटना उभी राहिली, आणि तिच्या कामगारदलाचे केंद्र पुण्याजवळ दिघीला असल्यामुळे, ज्याने उभ्या जन्मात गारेखेरीज बर्फ पाहिला नाही असा देशावरचा तरुण दिघीहून थेट हिमालयातील हिम उपसण्याच्या कामावर रुजू होऊ लागला.

आता चिखलात निभावणारी जीप हिमाच्या सडकेवर पुरी का पडत नाही, हा या कुळकथेतील खरा गहन भाग आहे, आणि येथे थोडे थांबणे भाग आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्याहून लांब पल्ला काटावा लागतो. त्यासाठी दोन चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी डिफरेन्शियल नामक दातेरी चक्रांची योजना पेकर या फ्रेंच कारागिराने १८२८ सालीच बसविली होती. परंतु पुढील जोडी आणि मागील जोडी यांचेही पल्ले वळणावर भिन्न असतात, आणि जीपमध्ये या दोन जोड्यांच्या मध्ये अशी कोणतीच सवलत नाही. पुढची आणि मागची जोडी एका गतीने करकचून बांधलेली. चिखलात चाक थोडे घसरून तो ताण सोडून देते. कोरड्या डांबरावर मात्र ताण दांड्यांत आणि चक्रांत साठत जातो, म्हणून तेथे चालक ती ओढ काढून ठेवतो. डोंगरी सडक हिवाळ्यात एका वळणावर कोरडी, दुसऱ्यावर हिमाने दाबलेली आणि तिसऱ्यावर, उन्हाची तिरीप न पोहोचणाऱ्या कड्याखाली, काचेसारख्या पारदर्शक पापुद्र्याने झाकलेली असते. तेथे दर शंभर पावलांना दांडा ओढीत बसणे कोणाला शक्य आहे?

उपाय काढला तो पुन्हा शेतातल्याच माणसाने. ज्याचे नाव आमच्या शिवारात मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नाकावर लोक नित्य वाचतात, त्या हॅरी फर्ग्युसनने उतारवयात चारही चाकांना कायम ओढ देणाऱ्या मोटारीचा ध्यास घेतला होता. मध्यभागी तिसरे डिफरेन्शियल बसवावे हे सोपे. पण त्यात एक खोड आहे. जोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याचे बळही जागच्या जागी वाया जाते, तसे एक चाक बर्फावर गरगरू लागले की मोकळे डिफरेन्शियल बाकीच्यांनाही निर्बल करते; म्हणून त्या सवलतीला आपोआप आवळणारा बंदोबस्त हवा. फर्ग्युसनच्या मंडळींनी तो केला. फर्ग्युसन १९६० मध्ये वारला. त्याच्या पद्धतीची शर्यतगाडी १९६१ साली स्टर्लिंग मॉसने ऊल्टन पार्क येथे विजयी केली आणि १९६६ मध्ये ती योजना जेन्सन एफएफ या महागड्या मोटारीत बाजारात आली.

घरगुती मोटारींच्या कथेत हिम येते ते येथून पुढे. जपानच्या हिमबहुल ईशान्येस वीजतारांची देखभाल करणाऱ्या कंपनीला जीपहून उबदार वाहन हवे होते, त्या निमित्ताने झालेल्या प्रयोगांतून सुबारूने १९७२ मध्ये घरगुती मोटारीला चारही चाकांची ओढ दिली. १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फावर लष्करी इल्टिस गाडी आपल्या बलाढ्य मोटारींना मागे टाकते हे पाहून आउडीचे अभियंते चकित झाले. पुढच्या जानेवारीत त्यांचा नमुना ऑस्ट्रियातील टुराखर घाटाची शेकडा २३ ची हिममय चढण उन्हाळी टायरांवर चढून गेला, आणि १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो मांडली गेली. पुढच्याच वर्षी मिशेल मूटों हिने त्याच गाडीने सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक विजेतेपदाची फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री.

या यशाने एक भ्रम मात्र पसरला, आणि तो घातक आहे. ओढ चारही चाकांची असली तरी ब्रेक सर्वच मोटारींना चारही चाकांचे असतात. तेव्हा थांबण्याच्या बाबतीत या गाडीला कोणताही विशेषाधिकार नाही. कोरड्या डांबरावर घर्षणाचा अंक सुमारे ०.८ धरला तर ताशी ४० किलोमीटरची गाडी साधारण ८ मीटरांत थांबते. दाबलेल्या हिमावर तो ०.२ वर उतरला की तीच ३० मीटरांहून पुढे जाते, आणि निखळ बर्फावर ६० मीटर म्हणजे काही फार नव्हे. चढ सुलभ झाल्याने चालक अशा उंचीवर पोहोचतो की जेथून उतरण्याची विद्या त्याच्यापाशी नसते. उतरताना उपयोगी पडतात ते खालचा गियर, संथपणा, हॅरी वीडने १९०४ साली पेटंट घेतलेल्या टायरच्या साखळ्या, आणि थंडीतही मऊ राहणारे ते हिवाळी टायर, ज्यांचा ट्रकांसाठीचा पहिला नमुना फिनलंडात १९३४ मध्ये निघाला. मनालीच्या वरच्या अंगाला हिम पडले की पोलीस फोर बाय फोर अथवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात; त्यातला ‘अथवा’ आम्हांला खटकतो, तेथे ‘आणि’ असते तर बरे झाले असते.

रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि त्याच्या आदल्याच दिवशी, नाशकात तयार होणारी महिंद्रची नवी थार विक्रीस आली; त्यामुळे जीपच्या या मराठी वंशजाला हिमाची वाट आणि हिमाची हौस एकाच वेळी लाभली. मागणी इतकी वाढली की जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तिची स्वस्त आवृत्ती काढली, जिच्यात फक्त मागच्या दोन चाकांना ओढ आहे. रूप तेच, नाव तेच, रुबाबही तोच. पावसाळ्यात ईटच्या एखाद्या पाणंदीत ती रुतली, तर तिला बाहेर काढावयास बहुधा मॅसी फर्ग्युसनच बोलवावा लागेल.