कुठली धारावी?

टेक्सासमध्ये पॅरिस आहे, न्यूयॉर्क राज्यात रोम आहे. त्याच राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ, बॉम्बेसुद्धा आहे! मायकेल होगन या तिथल्या सुरुवातीच्या रहिवाशाची बायको मुंबईहून आलेली, म्हणून हे नाव. १८३३ मध्ये ते वेगळं टाउन झालं. आपण १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई केलं. ते मात्र बॉम्बेच राहिलं.

मी भाईंदर पश्चिमेच्या तारोडीचा. शेजारी डोंगरी, आणि हा सगळा परिसर म्हणजे धारावी बेट. ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे झोपडपट्टी?"

पण आमची नावं मुंबईवरून उचललेली नाहीत. डोंगर होता, म्हणून डोंगरी, तिथेही, इथेही. धारावी देवीचं देऊळ तारोडीतच आहे. वसईच्या मोहिमेत खाडीवर नजर ठेवायला मराठ्यांना इथला धारावी किल्ला हवा होता. १७३९ मध्ये आधी धारावी पडली, मग मे महिन्यात वसई.

होगनच्या बॉम्बेचं नाव उसनं. आमचं आमचंच, तरी खुलासे आम्हीच करतो. यापुढे कोणी धारावी म्हणालं की मीच विचारणार, "कुठली?"