शर्यत म्हणजे कबुली

आमच्या भागात गाडे पळायला लागले की म्हातारी माणसं आधी एकच विचारायची, "शर्त काय ठरली रं?" कोण जिंकलं हे नंतर. आम्हा पोरांना वाटायचं, शर्यत म्हणजे नुसतं पळणं. पण या शब्दात मुळात पळणं नाहीच.

शर्यत हा शब्द आला अरबी 'शर्त'वरून. शर्त म्हणजे अट, करार. फारसी राज्यकारभाराच्या भाषेबरोबर तो आपल्याकडे रुजला. हिंदीत 'शर्त लगाना' म्हणजे आजही पैज लावणं. मराठीनं मात्र त्याची दोन घरं केली. कागदावर 'अटी-शर्ती' राहिल्या आणि रानात शर्यत पळू लागली. त्याच्या शेजारचा 'पैज' हा शब्द संस्कृत 'प्रतिज्ञा'पासून झालेला. म्हणजे तिथंही मुळाशी दिलेला शब्दच.

हे यात्रेत नीट दिसतं. जुन्नर, आंबेगाव, खेडकडं बैलगाडा एकामागून एक घाटात सुटतो. पुढं घोडी, मागं बैल. शेजारी दुसरा गाडा नसतो. सेकंद मोजून निकाल लागतो. सातारा-सांगलीकडं छकडी एकदम सुटतात. रीत कुठलीही असो, आधी कबुली लागते: सुटायचं कुठनं, पोचायचं कुठं, निकाल कुणी द्यायचा. ही कबुली मोडली की शर्यत संपते आणि भांडण सुरू होतं. एका निकालापायी दोन भावक्या वर्षानुवर्षं एकमेकींच्या लग्नाला गेलेल्या नाहीत, हे आम्ही पाहिलंय.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रत्यक्ष परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ला. १८ मे २०२३ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ही दुरुस्ती वैध ठरवली. आता आधी बैलांची डॉक्टरी तपासणी करावी लागते. चाबूक-काठी चालत नाही. सरकारी कागदावर लिहिलेलं असतं, 'खालील अटी व शर्तींवर परवानगी'. शब्द फिरून आपल्या मूळ घरी आला म्हणायचा.

शर्त घालायची तर दोघांची कबुली लागते. इथं मात्र दोन्ही बाजूंना माणसंच आणि पळणारा तिसराच. बैलाला कुणी विचारलं होतं? बंदीवरून गावात कितीही वाद झाले, तरी या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. नियमांचा तो कागद म्हणजे बैलाच्या वतीनं घातलेली शर्त आहे. गाडामालकानं तो तसाच वाचावा.