'फ्रॉम सातपूर'ची कुळकथा

'द बस केम फ्रॉम सातपूर' आणि 'द वर्कर्स फ्रॉम सातपूर केम लेट'. दोन्ही वाक्यांत 'फ्रॉम सातपूर' हे तेच दोन शब्द आहेत. पहिल्यात ते क्रियापदाला लागतात, बस कुठून आली ते सांगतात. दुसऱ्यात ते नामाला लागतात, कामगार कुठले ते सांगतात. जुन्या शालेय व्याकरणात पहिला ॲडव्हर्ब फ्रेज, दुसरा ॲडजेक्टिव्ह फ्रेज. नव्या पुस्तकांत मात्र दोन्ही प्रिपोझिशनल फ्रेज. बाजारातल्या गाइडांत ही तिन्ही नावे एकाच यादीत खालोखाल छापलेली असतात, आणि त्यांच्या जोडीला जेरंड, इन्फिनिटिव्ह, पार्टिसिपल हे आणखी तीन 'प्रकार'. नाशिकच्या सातपुरात, त्र्यंबक रोडलगतच्या एखाद्या क्लासमधले पोर ही यादी पाठ करते आणि परीक्षेत अडते. दोष त्याच्या डोक्याचा नाही. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या मापांनी केलेल्या वाटण्या एका पानावर आल्या आहेत.

मुळात इंग्रजी व्याकरणाला फ्रेजची फारशी गरज वाटत नव्हती. लिंडली मरेचे व्याकरण 1795 सालचे. पुढे कितीतरी वर्षे शाळांतून तेच चालले. त्यात फ्रेजची व्याख्या आहे, पण सैलसर. खरा भर एकेका शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगण्यावर. ही रीत लॅटिनची. लॅटिनमध्ये नात्याचे बरेच काम शब्दाचा शेवट करतो, आपल्याकडेही तसेच. 'सातपूरहून' हा मराठीत एक शब्द. इंग्रजीत त्याचे दोन होतात. म्हणून 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी इंग्रजी व्याकरण समोर ठेवून मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हा शब्दांच्या जाती सहज उचलता आल्या. फ्रेजला स्वतंत्र दालन देण्याचे कारणच नव्हते.

फ्रेजला मान मिळाला तो जर्मनीत. कार्ल फर्डिनांड बेकर हा पेशाने वैद्य. भाषेकडे तो सजीव शरीरासारखा पाहत असे. 1827 सालच्या त्याच्या ग्रंथाचे नावच भाषेच्या सेंद्रिय घडणीवरून आहे. वाक्य आधी, शब्द नंतर, अशी त्याची मांडणी. वाक्यात एखादे काम एका शब्दाने होईल, शब्दांच्या गटाने होईल किंवा पोटवाक्याने होईल. पाहायचे ते काम. इंग्लंडमधले सरकारी शाळा तपासनीस जे. डी. मोरेल यांनी 1852 मध्ये वाक्याच्या पृथक्करणावर पुस्तक काढून हा विचार इंग्रजी शाळांत आणला. मग वर्गावर्गात रकाने आखले जाऊ लागले : कर्ता, कर्त्याचा विस्तार, विधेय, विधेयाचा विस्तार.

हे रकाने मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार : आपल्या शाळांनी वाक्यपृथक्करणाच्या तासाला हेच शिकवले. म्हणजे ज्या घराण्यातून ॲडजेक्टिव्ह फ्रेज आणि ॲडव्हर्ब फ्रेज आले, त्याच घराण्याची एक शाखा मराठीच्या पुस्तकात आधीपासून नांदते आहे. इंग्रजीचा तास आणि मराठीचा तास यांची गाठ घालून द्यावी असे फार थोड्या शिक्षकांना सुचते, याची मला खरोखर हळहळ वाटते. 'सातपूरचे कामगार उशिरा आले' यात 'सातपूरचे' हा उद्देश्यविस्तार. 'बस सातपूरहून आली' यात 'सातपूरहून' हा विधेयविस्तार. जो फरक इंग्रजी 'फ्रॉम'च्या पोटात दडवते, तो मराठी 'चे' आणि 'हून' असा उघड बोलून दाखवते. पोराला तो कळलेलाच असतो, फक्त त्याला कुणी तसे सांगितलेले नसते.

हिंदुस्थानात कामावरून केलेली ही वाटणी पक्की झाली ती नेसफील्डच्या व्याकरणमालेने आणि नंतर 1930च्या दशकात आलेल्या रेन आणि मार्टिनच्या पुस्तकाने. पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. नाम, विशेषण, क्रियाविशेषण यांच्यापैकी कुणाचे काम फ्रेज करते, एवढेच त्या पुस्तकात विचारले जाते. तेवढ्या चौकटीत ते अगदी नीटस आहे.

दुसरी वाटणी अमेरिकेची. भाषाशास्त्रज्ञ ब्लूमफील्डने 1933 मध्ये गटातला मुख्य शब्द शोधायला शिकवले. 1957 मध्ये चॉम्स्कीने वाक्याची फोड नाउन फ्रेज आणि व्हर्ब फ्रेज अशी केली. इथे नाव पडते ते मुख्य शब्दावरून. 'फ्रॉम' मुख्य, म्हणून प्रिपोझिशनल, मग तो गट वाक्यात कुठेही बसो. 1954 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची शिबिरे भरू लागली आणि हे शास्त्र महाराष्ट्रात अभ्यासाला आले. क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या 1985 सालच्या मोठ्या व्याकरणात नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशनल असे पाचच प्रकार आहेत.

तिसरे माप क्रियापदाच्या रूपाचे. 'शी वॉन्ट्स टू लर्न अ ट्रेड' यात 'टू लर्न अ ट्रेड' रूपाने इन्फिनिटिव्ह आहे, कामाने नाउन फ्रेज. दोन्ही उत्तरे बरोबर. प्रश्न कोणत्या मापाने विचारला ते आधी सांगायला हवे.

सातपुरात हे केवळ गुणांपुरते नाही. इथली औद्योगिक वसाहत साठच्या दशकातली, आणि आयटीआयही याच भागात. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी मशिनच्या मॅन्युअलपाशी शिकाऊ मुलगा थबकतो, कारण तिथे नामांची रांगच्या रांग उभी असते : 'डिझेल फ्युएल इंजेक्शन पंप'. डावीकडून अर्थ लावत गेले की गोंधळ होतो. शेवटचा 'पंप' आधी धरायचा, मग मागे सरकत विचारायचे : कसला पंप? इंजेक्शनचा. कशाच्या इंजेक्शनचा? इंधनाच्या. कोणत्या इंधनाच्या? डिझेलच्या. ब्लूमफील्डचा मुख्य शब्द तो हाच. तो हाताला लागल्यावर त्या मुलाला 'डिझेल फ्युएल इंजेक्शन पंप हाउजिंग' दिले, तर पंपापाशी न थांबता तो थेट 'हाउजिंग'पासून सुरुवात करील.