डिफरन्शियल, पकड वाढवणारे
पिकअपच्या चालत्या आसावरील एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ओढ मिळत राहावी, यासाठीची दंतचक्ररचना. साधे डिफरन्शियल (पेकर, फ्रान्स, १८२७) दोन्ही चाकांना समान पीळ देते. त्यामुळे चिखलातले चाक नुसतेच फिरते. रिकाम्या पिकअपचा मागील भाग हलका असल्याने हा दोष तिथे ठळक. प्रकार दोन : मर्यादित घसरणीचे, क्लच तबकड्यांचे किंवा मळसूत्री दंतचक्रांचे [→ क्लच], आणि दोन्ही चाके एकत्र जखडणारा लॉक. महिंद्र थारच्या (२०२०) काही आवृत्त्यांतील यांत्रिक लॉक आपोआप बसतो. पनवेलसारख्या, महामार्ग व पावसाळी भातखाचरांच्या वाटा असलेल्या भागात पहिला प्रकार सोयीचा; मात्र चाक अधांतरी झाल्यास मळसूत्री रचना अपुरी पडते. हाताने लावायचा लॉक कोरड्या डांबरावर सोडवावा लागतो [→ टायर].