शरीफ : मक्केपासून तंजावरपर्यंत

भातोडीची लढाई शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आधी दोनच नावं लिहायचो : मलिक अंबर आणि शरीफजी भोसले. माझी सगळी नोकरी नगर तालुक्यातल्या शाळेत गेली, त्यामुळे भातोडी पोरांच्या पायाखालची. तिथला तलाव त्यांनी पाहिलेला, शरीफजींची समाधीही पाहिलेली. तरी दरवर्षी एखादा हात वर यायचाच : ‘सर, भोसल्यांच्या घरात शरीफ कसा?’ प्रश्न रास्त होता. शहाजीराजांचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे शिवरायांचा काका. आणि नाव थेट अरबस्तानातलं. याचं उत्तर एका तासात बसत नाही, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

अरबीत ‘शरफ’ म्हणजे उंची, आणि त्यावरून मान, प्रतिष्ठा. ज्याचे वाडवडील नावाजलेले तो शरीफ, असा इस्लामपूर्व अरब टोळ्यांमधला अर्थ. अशरफ, मुशर्रफ, शराफत ही सगळी याच कुळातली. ‘अशरफी’ हे सोन्याचं नाणंसुद्धा. इजिप्तचा सुलतान अल-अशरफ बार्सबाय याने १४२५ साली ते पाडलं आणि त्याच्या पदवीवरून नाण्याला नाव मिळालं.

इस्लाम आल्यावर हा मान एका घराण्यापाशी स्थिरावला. पैगंबरांचे नातू हसन आणि हुसेन यांच्या वंशजांना शरीफ म्हणू लागले. हिजाजमध्ये त्यातही फरक करत : हसनचे वंशज शरीफ, हुसेनचे सय्यद. मक्केचा कारभार दहाव्या शतकापासून या शरीफांकडे होता. सत्ता कधी इजिप्तच्या सुलतानाची, कधी तुर्कांची. पण मक्केच्या गादीवर शरीफच. १९१६ साली तुर्कांविरुद्ध अरबांचं बंड उभारणारा हुसेन बिन अली हा त्याच परंपरेतला. १९२४ मध्ये सौदींनी मक्का घेतली आणि ही गादी संपली. जॉर्डनचं आजचं राजघराणं मात्र याच हुसेनचं.

मान जन्मावर ठरू लागला की खरे-खोटे दावेदार आलेच. म्हणून मोठ्या शहरांत ‘नकीब’ नावाचा अधिकारी असे. शरीफांच्या वंशावळींची वही त्याच्याकडे. कोण जन्मला, कुणाचं लग्न कुठे झालं, हे सगळं तो लिहून ठेवी आणि खोटा दावा पकडी. १३७१-७२ च्या सुमारास इजिप्तच्या सुलतानाने हुकूमच काढला की शरीफांनी पागोट्याला हिरवी खूण लावावी, म्हणजे बाजारात, मशिदीत माणूस लांबूनच ओळखू येईल. हिरव्या पागोट्याचा मान तिथून रुळला.

या शरीफांपैकी एकाचं आपल्याशी जुनं नातं आहे. भूगोलकार अल-इद्रिसी हा सिसिलीच्या ख्रिस्ती राजा रॉजर याच्या दरबारी होता. राजासाठी त्याने चांदीच्या पत्र्यावर जगाचा नकाशा कोरवला आणि ११५४ साली ग्रंथ पुरा केला. आपल्या किनाऱ्यावरच्या ठाण्याचं वर्णन त्यात येतं. मोठ्या खाडीवरचं सुरेख गाव, गलबतं तिथे नांगर टाकतात आणि आसपासच्या डोंगरांत वंशलोचन मिळतं, असं तो लिहितो. तो स्वतः कधी इथे आला नव्हता. व्यापाऱ्यांकडून आणि जुन्या ग्रंथांतून त्याने हे गोळा केलं.

पदवीचं पुढे साधं नाव झालं. मोरोक्को, इजिप्तपासून पश्चिम आफ्रिकेतल्या माली, सेनेगलपर्यंत शरीफ, शेरीफ अशी नावं घरोघर दिसतात. भारत-पाकिस्तानात ते आडनावही झालं. आपल्याकडे तर ते गावांना आणि ग्रंथांनाही लागलं : अजमेर शरीफ, कुराण शरीफ. आणि हे नाव धर्माच्या कुंपणात राहिलं असंही नाही. १९३२ साली अलेक्झांड्रियात एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या मिशेल शल्हूबने चित्रपटासाठी ओमर शरीफ हे नाव घेतलं, तेव्हा तो अजून ख्रिस्तीच होता. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त त्याने रंगवलेली भूमिकाही शरीफ अलीची.

आता भोसल्यांच्या वेरूळकडे येऊ. बाबाजी भोसल्यांचे थोरले चिरंजीव मालोजी, निजामशाहीतले सरदार. घरात मूल नव्हतं. बखरी सांगतात की त्यांनी नगरच्या शाहशरीफ या पिराला नवस केला, आणि एकापाठोपाठ दोन मुलगे झाले. पिराचं एकच नाव दोघांत वाटून दिलं : थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. ग्रँट डफनेही १८२६ च्या आपल्या इतिहासात ही हकीकत घेतली आहे. शाहशरीफांचा दर्गा आजही नगरजवळ दर्गादायऱ्यात आहे.

या नामकरणात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. मालोजी महादेवाचे भक्त. शिखर शिंगणापूरला त्यांनी यात्रेकरूंसाठी तळं बांधलं, वेरूळला घृष्णेश्वराच्या मंदिराचं काम केलं. ती भक्ती आणि हा नवस एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदत होते. दुसरं म्हणजे, ज्याने दिलं त्याचं नाव पोराला ठेवायचं, हा आपला जुना रिवाज. खंडोबाला नवस केला तर खंडेराव, भैरोबाला केला तर भैरू, पिराला केला तर पिराजी. शरीफ या नावाला ‘जी’ जोडला की ते नाव भोसल्यांचं झालं. अरबस्तानात हे नाव रक्ताचं नातं सांगत होतं. वेरूळच्या वाड्यात ते उपकाराची आठवण सांगू लागलं.

मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले, तेव्हा दोन्ही भाऊ लहान होते. चुलते विठोजींनी त्यांना सांभाळलं. दोघेही मोठे होऊन निजामशाहीच्या चाकरीत राहिले आणि १६२४ साली भातोडीला उतरले. समोर मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा. निजामशाहीच्या मलिक अंबरने तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल केला, रसद तोडली, आणि मग हल्ला चढवला. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. जय निजामशाहीचा झाला. त्या जयात शरीफजी कामी आले.

त्या दिवशी त्यांच्या बाजूने लढणाऱ्या अंबरचं नावही अरबीच. हबशी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा मूळचा चापू. गुलाम म्हणून विकला जात तो बगदादला पोहोचला, आणि तिथल्या धन्याने त्याचं नाव अंबर ठेवलं. एकाला नाव मिळालं बापाच्या नवसातून, दुसऱ्याला खरेदीच्या व्यवहारातून; आणि दख्खनच्या इतिहासात दोन्ही नावं मानाने राहिली. अंबरची कबर खुलताबादला आहे, वेरूळपासून अगदी हाकेच्या अंतरावर.

शरीफजी गेले, पण नाव गेलं नाही. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य उभं केलं. त्यांनी आपल्या पहिल्या दोन मुलांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी. वडील आणि काका, तीच जोडी, त्याच क्रमाने. दोघेही पुढे तंजावरच्या गादीवर बसले : थोरले १६८४ ते १७१२, धाकटे १७१२ ते १७२८. तमिळ मुलखात शरीफजीचं सरफोजी झालं, इंग्रजीत सर्फोजी. दरबारी पंडितांनी त्याला ‘शरभ’ या सिंहापेक्षाही बलाढ्य पुराणातल्या प्राण्याशी जोडून शरभोजी, शरभेंद्र असं संस्कृत रूप दिलं. दुसऱ्या सरफोजींच्या नावाने रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही तमिळ नृत्यनाट्यकृती प्रसिद्ध आहे.

हे दुसरे सरफोजी १७९८ ला गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि त्यांच्याकडे मान तेवढा उरला. त्यांनी सगळी हौस विद्येत खर्ची घातली. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीच भरभराटीला आणलं. राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला. आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळात भोसले कुळाचा इतिहास मराठीत दगडावर कोरवून घेतला. चोळांच्या शिवमंदिरात मराठी अक्षरं, आणि ती कोरवणारा राजा नगरच्या पिराचं नाव वागवणारा. माझ्या मते आपल्या इतिहासातल्या सरमिसळीचं इतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

वर्गात मी मुलांना आपापल्या घरच्या वंशावळी लिहून आणायला सांगायचो. त्यांत हैबती, दौलती, हिंमतराव, फत्तेसिंग, साहेबराव, फकिरा अशी नावं सर्रास यायची. हैबत, दौलत, हिंमत, फत्ते, फकीर, साहेब हे सगळे शब्द अरबी. एका मुलाच्या वंशावळीत पणजोबांचं पिराजी हे नाव खोडून वर प्रल्हाद लिहिलेलं होतं. घरच्यांनीच सुचवलं होतं. मी त्याला वही परत दिली आणि पणजोबांचं नाव होतं तसं लिहायला सांगितलं. पुढच्या सोमवारी तो नवी वही घेऊन आला. पिराजी जागेवर होते, शिवाय पणजीने कुठल्या दर्ग्याला नवस केला होता तेही त्याने आजीला विचारून लिहिलं होतं.

नाव सुधारलं की त्यामागची हकीकत पुसली जाते, हे मला त्या पोरांना सांगायचं होतं. शरीफजींच्या नावात मालोजींचा नवस आहे, त्यांच्या पत्नी उमाबाईंची वाट पाहणं आहे, नगरच्या फकिरावरचा विश्वास आहे. मराठेशाहीच्या थोरल्या घराने ते नाव लपवलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ठेवलं, राजमुद्रेपर्यंत नेलं. पाठ्यपुस्तकात शरीफजींना एखादी ओळ मिळते. शिकवणाऱ्यांनी त्या ओळीपाशी थांबावं, नाव पूर्ण उच्चारावं आणि ते कुठून आलं ते मुलांना सांगावं.